नोकरी कशामुळे गेली, ते आधी सिद्ध करा

हे गेल्सबर्ग. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातलं छोटं शहर. इथं मेटॅग कंपनीचा फ्रिजचा कारखाना होता. २००२ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता बंद करणार, २००४ मध्ये शेवटचा फ्रिज लाइनवरून उतरला आणि सगळं काम मेक्सिकोत रेनोसाला गेलं. साधारण १६०० जण घरी बसले.

आता नोकरी गेली की अमेरिकेत बेकारी भत्ता असतोच, बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त २६ आठवडे. पण नोकरी जर परदेशी व्यापारामुळे गेली असेल तर त्याच्या वर वेगळी मदत मिळायची, तिचं नाव ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स, थोडक्यात टीएए. नवीन कामाचं ट्रेनिंग सरकारी खर्चाने, आणि ट्रेनिंग चालू असेपर्यंत पैसे, बेकारी भत्ता धरून १३० आठवड्यांपर्यंत. म्हणजे अडीच वर्षं. ऐकायला भारी आहे ना? पण मिळणार कुणाला, सगळी गंमत तिथंच आहे.

स्कीम आणली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष केनेडींनी, १९६२ मध्ये. हिशोब असा की आयात कर कमी केले तर फायदा सगळ्या देशाचा, मग ज्याच्या पोटावर पाय येतो त्याला देशानेच सांभाळायला पाहिजे. बोलायला छान, पण अटी अशा लावल्या होत्या की १९६९ पर्यंत एकाही कामगाराचा अर्ज पास झाला नाही. सात वर्षं, आणि एकही नाही! शेवटी १९७४ च्या कायद्याने अटी सैल केल्या आणि मग कुठं गाडी रुळावर आली.

तरी पहिली अट बघा. एकट्याने अर्ज करून चालायचं नाही. एकाच ठिकाणचे किमान तीन कामगार पाहिजेत, नाहीतर युनियनने करा, कंपनीने करा, किंवा राज्याच्या रोजगार ऑफिसने करा. आणि नोकरी गेल्यापासून वर्षाच्या आत. फॉर्म दोन-चार पानांचाच, पण खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. कामगार खात्याचे तपासनीस तुम्हाला काढणाऱ्या कंपनीलाच प्रश्नावली पाठवणार, विक्री किती घटली, उत्पादन किती घटलं, बाहेरून माल मागवता का. आणि गरज पडली तर कंपनीच्या गिऱ्हाइकांनाही विचारणार की बाबांनो, तुम्ही यांचा माल सोडून परदेशी माल घ्यायला लागलात का. म्हणजे तुमची मदत अडकली कुठं, तर तिसऱ्याच कुणाच्या तरी पर्चेस खात्यातल्या उत्तरावर.

कारखानाच उचलून मेक्सिकोत नेला असेल तर केस सरळ. पण समजा शेजारच्या कारखान्यात रोबो आले आणि त्यात माणसं गेली, तर टीएए नाही. मंदीमुळे गेली, नाही. मालकाने घाण कारभार केला म्हणून गेली, तरी नाही. घराचा हप्ता दोघांचाही थकलेला, पण एकाची नोकरी आयातीने खाल्ली आणि दुसऱ्याची मशीनने, म्हणून एक आत आणि एक बाहेर. मला हे कधीच पटलेलं नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांची कथा तर अजून अजब. २००० नंतर तिकडच्या प्रोग्रामर लोकांच्या नोकऱ्या जायला लागल्या, आणि काम कुठं आलं हे आपल्याला सांगायला नको, बंगळूर, हैदराबाद, आपलं हिंजवडी. या लोकांनी अर्ज केले तर खातं म्हणालं, तुम्ही वस्तू बनवत नाही. सॉफ्टवेअर सीडीवर भरून दिलं तर ती वस्तू, इंटरनेटवरून पाठवलं तर नाही! लोक कोर्टात गेले, कोर्टाने खात्याला झापलं, आणि २००६ मध्ये खात्याने आपलं धोरण बदललं. २००९ च्या कायद्याने तर सेवा क्षेत्रच आत घेतलं.

बरं, ग्रुपचा अर्ज पास झाला म्हणजे झालं असंही नाही. भत्त्यासाठी आधीच्या ५२ आठवड्यांत किमान २६ आठवडे त्या जागी काम केलेलं पाहिजे, ट्रेनिंगला ठरलेल्या मुदतीत नाव घातलेलं पाहिजे. मुदत चुकली, सूट मिळाली नाही, की भत्ता गेला. आता पंचावन्न वर्षांच्या माणसाला, ज्याने पंचवीस वर्षं फ्रिजचे दरवाजे बसवले, त्याला कॉलेजात बसवून काय शिकवणार? म्हणून पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी दुसरा रस्ता ठेवला होता, कमी पगाराची का होईना नोकरी धरा, जुन्या-नव्या पगारातला अर्धा फरक सरकार देईल. म्हणजे ४० हजार डॉलर मिळायचे आणि आता ३० वर आलात, तर वर्षाला ५ हजार, दोन वर्षांत जास्तीत जास्त १० हजार. माझ्या मते अख्ख्या स्कीममधली हीच सगळ्यात शहाणी गोष्ट.

(आपल्या एच-वन-बी वाल्या मंडळींनी यात फार जीव गुंतवू नका. नोकरी गेली की तुमच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस, त्यात दुसरी कंपनी शोधायची, ट्रेनिंग कधी करणार.)

आणि आता मुख्य मुद्दा, टीएए नव्या लोकांना बंद आहे. १ जुलै २०२१ ला जुने नियम परत आले, त्यात सेवा क्षेत्र पुन्हा बाहेर गेलं. १ जुलै २०२२ पासून तर नवीन अर्ज घेणंच थांबलं, कारण संसदेने मुदत वाढवली नाही. आधी पास झालेल्यांचं पुढे चालू राहिलं, बाकीच्यांना दार बंद. त्यानंतर टॅरिफवरून एवढी रणधुमाळी झाली, कामगाराच्या नावाने भाषणं झाली, पण ही फाइल तशीच.

म्हणून तिकडं कुणाची नोकरी आयातीमुळे गेली आणि त्याने तुम्हाला विचारलं, तर त्याला टीएएच्या मागे पळायला लावू नका. आधी राज्याकडे बेकारी भत्त्याचा अर्ज, तो लगेच, आणि मग जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये जाऊन डिसलोकेटेड वर्करच्या, म्हणजे कामावरून काढलेल्या माणसाच्या, मदतीबद्दल विचारायचं. तिथं मिळणारी मदत कमी आहे, पण नोकरी आयातीने खाल्ली की मशीनने, हे तिथं सिद्ध करत बसावं लागत नाही.