टकली वसाहत

आगर या जेलीसारख्या खाद्याच्या या प्लेटवर जिवाणूंच्या दोन वसाहती, म्हणजे दोन ठिपके, शेजारी शेजारी वाढल्या आहेत. जिवाणू एकच: मातीतला स्ट्रेप्टोमायसेस ग्रिसियस. 1943 साली अमेरिकेतल्या रटगर्समध्ये, वॉक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शाट्झ यांनी याच जातीतून स्ट्रेप्टोमायसिन मिळवलं. क्षयाच्या जंतूला रोखणारं ते पहिलं प्रतिजैविक. पुढे आपल्या पिंपरीतही ते बनू लागलं.

डावीकडची वसाहत पीठ भुरभुरल्यासारखी दिसते. ते हवेत उभे राहिलेले तंतू आणि त्यांवरच्या बीजाणूंच्या माळा. उजवीकडची मात्र गुळगुळीत, चकचकीत. हिला टकली म्हणतात. स्ट्रेप्टोमायसिन बनवणारी जनुकं हिच्यात शाबूत आहेत, तरी ती औषध बनवत नाही. गेलंय ते एएफएस-ए हे जनुक.

त्या जनुकाच्या जोरावर ए-फॅक्टर नावाचा छोटा रेणू तयार होतो. 1967 मध्ये सोव्हिएत संघात खोखलोव यांच्या गटाने तो शोधला. लिटरभर माध्यमात मायक्रोग्रॅमच्या पाव भागाएवढा असला तरी पुरतो.

एरवी आर्प-ए हे प्रथिन एडीपी-ए या जनुकाच्या दारात ठाण मांडून बसलेलं असतं. वाढ दाट झाली की ए-फॅक्टर साचतो, आर्प-एला चिकटतो आणि ते डीएनएवरून सुटतं. मग एडीपी-ए प्रथिन बनतं. ते हवेतल्या तंतूंची जनुकं जागी करतं, शिवाय एसटीआर-आर या जनुकालाही. त्यापासून बनणारं प्रथिन स्ट्रेप्टोमायसिनची जनुकं चालू करतं.

इथली मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रांवर, घाला घालतं, आणि रायबोसोम तर या जिवाणूकडेही आहेत. म्हणून एसटीआर-आरला लागूनच बचावाचं जनुक आहे आणि दोन्ही एकत्रच वाचली जातात. त्यातून बनणारं बचावाचं एन्झाइम स्ट्रेप्टोमायसिनच्या रेणूवर फॉस्फेट चढवून त्याला निकामी ठेवतं. पेशीबाहेर गेल्यावर ते फॉस्फेट उतरतं. विष तयार होण्याआधी ढाल हातात!

टकलेपणाचं कारण ए-फॅक्टरच आहे ना, हे तपासणं सोपं. टकल्या वसाहतीची रेघ ओढा, सेंटीमीटरभर अंतरावर चांगल्या वसाहतीची. 28 अंशांवर काही दिवस ठेवा. ए-फॅक्टर आगरमधून झिरपतो आणि टकल्या रेघेची शेजारणीकडची कड आधी पांढरी होऊ लागते. कड तशीच राहिली, तर बिघाड साखळीत पुढे कुठेतरी आहे.

एएफएस-ए हे जनुक हरवतं कशामुळे? या जिवाणूचं गुणसूत्र गोल नाही, सरळ आहे, आणि एएफएस-ए त्याच्या टोकाजवळ बसलेलं. टोकं तुटून गळण्याचं प्रमाण इथे मोठं. जास्त तापमानात वाढवलं की टकल्या वसाहती भराभर निघतात. एका स्लँटवरून (तिरप्या आगरच्या नळीवरून) दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, असं करत राहिलं तरी त्या नकळत मिसळतात.

औषधासाठी जिवाणू वाढवायच्या टाकीत, म्हणजे फर्मेंटरमध्ये, आणखी एक अडचण येते: फॉस्फेट जास्त झालं की वाढ जोमात होते आणि औषध घटतं. वाढ जोखायला नुसती गढूळता पाहणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून फॉस्फेट मोजूनच घालावं. आणि मूळ वाण भरपूर बीजाणू धरलेल्या वसाहतीवरून घेऊन, 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये, छोट्या छोट्या नळ्यांत गोठवून ठेवावं. दर वेळी नवी नळी काढायची. उरलेली परत गोठवायची नाही.