चौदावा धडा

(दृश्य: बाकावर उघडं पाठ्यपुस्तक. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं 'आयएमपी'.)

हे आठवीचं इतिहासाचं पुस्तक. २०१८ साली आलेलं. खाकी कव्हर, त्यावर नावाचं स्टिकर, आत चौदा धडे. पहिला 'इतिहासाची साधने'. शेवटचा 'महाराष्ट्र राज्याची निर्मिती'.

हा चौदावा धडा वर्गात कधी येतो, ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. फेब्रुवारी संपत आलेला असतो. गॅदरिंग आटोपलेलं, दहावीच्या परीक्षेसाठी वर्ग रिकामे करून द्यायचे असतात आणि पोर्शन काही संपलेला नसतो. मग ज्या राज्यात आपण राहतो त्याच्या जन्माची गोष्ट दोन तासिकांत उरकते. संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना? ६ फेब्रुवारी १९५६. पुढचा प्रश्न. महाराष्ट्र राज्य कधी अस्तित्वात आलं? १ मे १९६०. घ्या, वह्या तपासायला द्या.

मुंबईतल्या मुलांच्या सगळ्यात जवळचा धडा पुस्तकाच्या सगळ्यात मागच्या बाकावर बसलेला असतो.

लालबागच्या एका मराठी शाळेतल्या बाईंनी यंदा फार काही वेगळं केलं नाही. फक्त क्रम मोडला. दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्यांनी थेट चौदावा धडा काढला आणि एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन करी रोडला धीमी लोकल पकडली. पाव तासाचा प्रवास.

(दृश्य: हुतात्मा चौक. मुलांची रांग, रांग म्हणायची एवढंच.)

मुलं आधी धावली ती कारंज्याकडे. साहजिक आहे. १८६४ सालचं देखणं काम, वर फुलांची रोमन देवी फ्लोरा. जुने मुंबईकर अजूनही या जागेला 'फाउंटन'च म्हणतात. शेजारी मशाल धरून उभे असलेले शेतकरी आणि कामगार मुलांना जरा उशिरानं दिसले.

बाईंनी पहिला प्रश्न टाकला. २१ नोव्हेंबर १९५५. याच परिसरात मोर्चा अडवला गेला. तो निघाला होता कुठं?

"विधान भवनात!" सगळे एका सुरात. आणि सगळ्यांचे हात नरिमन पॉइंटच्या दिशेला.

चूक. आजचं विधान भवन १९८१ सालचं. तेव्हा विधिमंडळ भरायचं रिगल सिनेमाजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये. आज त्या इमारतीत राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. मुलांना याची गंमत वाटली. आमच्या कॅमेरामनला वाटली नाही, त्यानं शांतपणे त्या दिशेचा रस्ता टिपून घेतला.

आता मोर्चा का, तेवढं थोडक्यात. ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्यांची पुनर्रचना सुचवणाऱ्या फाजल अली आयोगाचा अहवाल आला. सगळ्या मराठी भाषकांचं एक राज्य त्यात नव्हतं, विदर्भ वेगळा आणि बाकीच्यांचं गुजरातीसह एकत्र, द्विभाषिक राज्य सुचवलं होतं. नोव्हेंबरात दुसरा तोडगा पुढं आला: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबईही वेगळी. म्हणजे घर तुमचं, पण किल्ली आमच्याकडे. गिरण्यांमधून, गोदीतून माणसं रस्त्यावर आली. मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. २१ तारखेला गोळीबार झाला आणि पंधरा जण गेले.

इथं एका मुलीनं हात वर केला. आम्ही चित्रीकरण करतोय हे ती विसरली होती, म्हणून प्रश्न खरा निघाला.

"बाई, इथं पंधरा गेले. मग हुतात्मे एकशे सहा कसे?"

एकशे सहा हा आकडा मुलांना तोंडपाठ असतो. रिकाम्या जागेत तो नेमका भरला जातो. पण बाकीचे कुठं गेले, हे रिकामी जागा विचारत नाही.

बाईंनी सांगितलं. १६ जानेवारी १९५६ ला पंतप्रधान नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. शहर पेटलं. पुढचे काही दिवस गोळीबार होत राहिला. गिरगावात, परळला, लालबागला.

"आपलं लालबाग?" मागून एक मुलगा.

"दुसरं कुठलं आहे?"

स्मारक फोर्टात उभं आहे. माणसं मात्र आपापल्या गल्लीतही पडली होती. हे कळायला मुलांना लोकल पकडून इथवर यावं लागलं.

(दृश्य: लालबागची चाळ. कठड्यावर वाळत टाकलेले कपडे.)

पुढच्या आठवड्यात गृहपाठ होता: घरात, शेजारी कुणाला आठवतंय का, विचारून या. बहुतेक मुलं हात हलवत परत आली. सत्तर वर्षं झाली, आठवणारं माणूस उरलंय किती? शिवाय टॉवर झाले, बिऱ्हाडं कल्याण-विरारला पांगली.

हात वर करणाऱ्या त्या मुलीला मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या आजी सापडल्या.

"मी चौथीत होते गं. भोंगा वाजला, पण बाबा गिरणीत गेले नाहीत. आईनं आम्हाला खाली उतरू दिलं नाही. कर्फ्यू म्हणजे काय ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं."

"तारीख कोणती होती, आजी?"

"तारीख कशी आठवणार? संक्रांत झाली होती. तिळगूळ डब्यात होता अजून. खेळायला जायचं नाही, म्हणून आम्ही बसून तोच संपवला."

(दृश्य: वहीचं पान, जवळून.)

मुलीनं वहीत रकाने आखलेत. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने. म्हणजे पहिला धडा. तिसऱ्या रकान्यात लिहिलंय: 'आजी, वय ७९. संक्रांतीनंतर. तिळगूळ संपला नव्हता.'

बाईंनी 'संक्रांतीनंतर'खाली लाल पेनानं रेघ ओढली आहे आणि शेजारी बारीक अक्षरात प्रश्न लिहिलाय.

'१९५६ ची संक्रांत कोणत्या तारखेला होती? शोधून लिही.'