‘अगदी पणजोबांवर गेलाय!’

बाळ जन्माला आलं की तासाभरात त्याची वाटणी होते. नाक बाबांकडचं, कान आईकडचे, हनुवटी थेट आत्याची. बाळाने अजून नीट डोळेही उघडलेले नसतात, पण ते कुणावर गेलंय याचा निकाल लागलेला असतो. यात माया आहे, गंमत आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हीच वाटणी दोन-चार वर्षांत नाकावरून स्वभावावर येते. तिथं नाव रक्ताचं घेतलं जातं आणि निर्णय मात्र घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी घेतात. आज मला बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी रक्ताचं बघू. जिभेच्या कडा वर वळवून तिची नळी करता येते का तुम्हाला? लाजू नका, शेजारचाही तेच करून बघतोय. ही लकब आनुवंशिक आहे असं १९४० साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी मांडलं. माणूस साधासुधा नव्हे. गुणसूत्रावरच्या जनुकांचा पहिला नकाशा १९१३ साली त्यांनीच प्रसिद्ध केला होता. पुढे १९५२ साली फिलिप मॅटलॉक यांनी एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या. त्यातल्या ७ जोड्यांत एकाला जीभ वळवता येत होती, दुसऱ्याला नाही. जनुकं सारखी, तरी जिभा वेगळ्या! स्टर्टेव्हंट यांनीही नंतर हे मान्य केलं. शाळेत मात्र हे उदाहरण अजून सुखाने नांदतंय. साध्या जिभेची ही गत, तर ‘राग आमच्या रक्तातच आहे’ हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा असतोच. जुळ्यांच्या अभ्यासांत तो पुन्हा पुन्हा दिसलाय. पण तो असंख्य जनुकांच्या बारीक बारीक परिणामांतून येतो आणि वाढीच्या परिस्थितीत मिसळतो. पणजोबांचा संताप गाठोडं बांधल्यासारखा अख्खा कुणाच्या वाट्याला येत नाही.

आता गोष्ट. माझे पणजोबा भावाशी भांडले, नेसत्या कपड्यांनिशी घराबाहेर पडले आणि पुन्हा त्या घराचा उंबरा चढले नाहीत. आमच्याकडे ही गोष्ट पोराटोरांनाही पाठ. माझ्या चुलतभावाने साहेबाशी वाजल्यावर नोकरीवर लाथ मारली, तेव्हा सगळे कौतुकाने म्हणाले, “अगदी पणजोबांवर गेलाय!” पुढे माझ्या बहिणीनेही तेच केलं. तेव्हा मात्र, “ही कुणावर गेलीये कोण जाणे!” पणजोबा दोघांचे तेच. त्याच्या रागाला पूर्वज मिळाला, तिच्या रागाला नाही. भाऊ तेव्हापासून जरा ऐटीतच भांडतो. बहीण अजून स्वतःला हट्टी समजते.

आणि हिशेबच करायचा तर पणजोबा-पणजी मिळून आठ जण होतात. प्रत्येकाचा वाटा सरासरी एक अष्टमांश. गोष्ट मात्र आठांतल्या एकाचीच सांगितली जाते, बहुतेक वेळा बापाच्या बापाच्या बापाची. तुमच्या आईच्या आईच्या आईचं नाव काय? सांगता येईल त्यांनी हात वर करा. … फारच थोडे. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा वेगळा डीएनए असतो, ३७ जनुकांचा, आणि तो आपल्याला आईकडूनच मिळतो. म्हणजे जिचं नाव तुम्हाला सांगता आलं नाही, तिचा हा वारसा तुमच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे.

कुणी म्हणेल, गोष्ट निदान खरी तरी असते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकारी जॅकलीन पिकरेल यांनी १९९५ साली २४ जणांवर केलेला प्रयोग ऐका. प्रत्येकाला त्याच्या लहानपणच्या चार घटना दिल्या. तीन नातेवाइकांकडून कळलेल्या, खऱ्या. एक रचलेली, मोठ्या बाजार-संकुलात हरवल्याची. साधारण एक चतुर्थांश लोकांना ते न घडलेलं हरवणंही थोडंफार ‘आठवलं’. प्रयोग छोटा होता, त्यावर वादही झाले. पण घरच्या माणसाने सांगितलं म्हटल्यावर आपण किती सहज मान डोलावतो, ते त्यात दिसतं. आमचा भाऊ तर पणजोबांनी दार कसं आपटलं तेही सांगतो. त्याचा जन्म त्यानंतर पन्नासेक वर्षांनी झालाय.

म्हणून मी हल्ली घरातल्या मोठ्यांना एकेकटं गाठतो. सगळे एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचीच गोष्ट उरते. आत्याला विचारलं, “पणजोबा निघून गेले तेव्हा पणजी कुठं होती?”

“कुठं असणार? घरातच. पदरात दोन पोरं होती.”

“मग त्यांना कोणी सांभाळलं?”

“दिरानंच की. वर्ष-दीड वर्ष. मग माझ्या आजोबांनी, म्हणजे तुझ्या पणजोबांनी, निरोप धाडून बोलावून घेतलं.”

म्हणजे भांडण ज्या भावाशी झालं, त्यानेच! गोष्टीतला हा भाग मी जन्मात कधी ऐकला नव्हता. आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं, तर आत्या म्हणाली, “अरे, तुम्ही पोरं दर वेळी ते दार आपटण्यापर्यंतच ऐकायचात आणि उठून जायचात.”