वजन तपासा, पण फळ्यावर लिहू नका: ऑनलाइन सायकल रेस आणि आपल्या शरीराचे आकडे

[कॅमेऱ्यासमोर. मागे ट्रेनरवर बसवलेली सायकल, खाली घामासाठी अंथरलेली चटई.]

नमस्कार मंडळी.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. आमच्या ग्रुपची दर गुरुवारी रात्री ऑनलाइन रेस असायची. पुण्यात जून ते सप्टेंबर पाण्याखाली खड्डा आहे की नाही याचा अंदाज घेत सायकल मारण्यापेक्षा आम्ही बरेच जण घरातच ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या यंत्रावर, बसतो. त्या दिवशी शेवटच्या चढावर एक काका माझ्या पुढे निघून गेले. रेस संपल्यावर मी निकाल उघडला. त्यांचा सरासरी हार्ट रेट ११८, माझा १७१. दर किलोमागे वॉट, म्हणजे वजनाच्या मानानं ताकद, मात्र त्यांची जास्त. मी ग्रुपवर लिहिलं, "काका, तुमचे आकडे जुळत नाहीत." खाली चार जणांचे अंगठे पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचं उत्तर आलं. रक्तदाबासाठी ते बीटा ब्लॉकर घेतात. गोळीचं नाव, डोस, कधीपासून चालू आहे, डॉक्टरांनी काय सांगितलंय, सगळं त्यांनी लिहिलं होतं. साठ जणांचा ग्रुप, आणि त्यात त्यांच्या ऑफिसातले दोघे.

बीटा ब्लॉकरनं हृदयाचे ठोके कमीच पडतात, ते त्या औषधाचं कामच आहे. नेमबाजी आणि तिरंदाजीसारख्या खेळांत त्याच्यावर बंदी आहे, कारण हात स्थिर राहतो. सायकलिंगमध्ये बंदी नाही, कारण दम लागणाऱ्या खेळात त्याचा फायदा होत नाही, झाला तर तोटाच होतो. म्हणजे काका औषधाचा तोटा सोसून माझ्या पुढे गेले होते. मी माफी मागितली. त्यांनी मोठ्या मनानं ती घेतली. पण साठ जणांना जे कळलं ते कळलं.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. रेस खरी असायला हवी, हे मला आजही तितकंच वाटतं. पण त्यासाठी माणसाला आपलं शरीर सगळ्यांपुढे उघडं करावं लागतं का?

आधी ही रेस चालते कशी ते बघू. रस्त्यावर तुमचं वजन किती हे कुणी विचारत नाही, कारण घाटात गुरुत्वाकर्षण स्वतःच ते मोजून घेतं. खोट्या वजनानं सिंहगड चढता येत नाही. घरातल्या ट्रेनरला मात्र एवढंच कळतं की तुम्ही पेडलवर किती वॉट ताकद लावताय. तुम्ही किती किलोचे आहात, किती उंच आहात, हे त्याला कळायला काही मार्गच नाही. ते तुम्ही स्वतः ॲपमध्ये भरता. सॉफ्टवेअर त्यावरून हिशेब करतं: चढावर वजन, सपाटीवर वारा कापायला लागणारा जोर, आणि त्यातून तुमचा वेग.

झ्विफ्ट या ऑनलाइन सायकलिंगच्या ॲपवर आल्प द्यू झ्विफ्ट नावाचा चढ आहे, फ्रान्समधल्या आल्प द्युएझवर बेतलेला, तशीच २१ वळणं. सुमारे १२ किलोमीटरमध्ये १०३६ मीटर उंची. समजा दोघं जण अगदी सारखे २५० वॉट लावतायत. एकाचं वजन ७०, दुसऱ्याचंही ७०, पण दुसऱ्यानं ॲपमध्ये ६५ भरलंय. सायकल ८ किलोची धरा. नुसतं वजन वर न्यायला लागणारं काम मोजलं, वारा आणि टायरचं घर्षण बाजूला ठेवलं, तर पहिल्याला जवळजवळ ५३ मिनिटं लागतात आणि दुसऱ्याला साडेएकोणपन्नास. एका आकड्याच्या खोटेपणावर तीन मिनिटांहून जास्त फरक!

[पडद्यावर: ७० किलो = सुमारे ५३ मिनिटं. ६५ किलो = सुमारे ४९.५ मिनिटं. ताकद दोघांची २५० वॉट.]

याला इंग्रजीत वेट डोपिंग म्हणतात. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, काटामारी. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही. उसाची गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याच्या पोटात का गोळा येतो, ते त्याला माहीत असतं. फरक इतकाच की इथे काटा ज्याचा त्याच्या घरात आहे, आणि आकडा टाइप करणारा हातही त्याचाच.

फसवणूक होते का? होते, आणि ती वजनापुरती नाही. २०१९ मध्ये ब्रिटिश सायकलिंग या तिथल्या सायकलिंग संघटनेनं पहिली राष्ट्रीय ई-रेसिंग स्पर्धा भरवली. तिच्या पुरुष विजेत्याचं, कॅमेरॉन जेफर्सचं पद त्याच वर्षी काढून घेण्यात आलं. सहा महिन्यांची बंदी आणि २५० पौंड दंड. ॲपमधली एक वेगवान आभासी सायकल मिळवायला खूप चढाई करावी लागते, ती त्यानं स्वतः पेडल न मारता, ट्रेनरचे खोटे सिग्नल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमकडून करून घेतली होती. पुढे २०२० मध्ये झ्विफ्टनं दोन महिला रेसरना सहा-सहा महिन्यांसाठी बाहेर केलं, कारण तपासणीसाठी दिलेल्या डेटा फाइलींमध्ये फेरफार झाल्याचा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची पहिली ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा झाली. पुरुषांत जर्मनीचा जेसन ऑसबोर्न जिंकला, महिलांत दक्षिण आफ्रिकेची ॲशली मूलमन-पासिओ. आयोजकांनी सगळ्या रेसरना एकाच मॉडेलचे ट्रेनर दिले होते. जागतिक विजेतेपदाची जर्सी द्यायची, तर एवढी काळजी घ्यायलाच हवी.

म्हणजे तपासणी हवीच. त्यावर माझं दुमत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती भागाकाराची आहे.

बहुतेक आयोजक म्हणतात, आम्ही कुणाचं वजन जाहीर करत नाही. ठीक. पण निकालाच्या पानावर एका रकान्यात वॉट असतात आणि शेजारच्या रकान्यात दर किलोमागे वॉट. आता हे बघा.

[पडद्यावर: २४० ÷ ३.२ = ?]

पाचवीतलं मूलसुद्धा सांगेल, ७५. वजनाचा रकाना लपवून काय उपयोग, शेजारचे दोन रकाने ते ओरडून सांगतायत की! दर आठवड्याच्या रेसचे निकाल जोडले तर कुणाचं वजन कधी वाढलं, कधी उतरलं, याचा वर्षभराचा आलेखच तयार होतो. हार्ट रेटचंही तेच. त्यातून आजार दिसतो, औषध दिसतं, बाईच्या बाबतीत कुणाला सांगितलं नसलेलं गरोदरपण दिसू शकतं. शर्यतीत तिसरी आले की नववी, हे कळण्यासाठी यातलं काहीच लागत नाही.

पण या रकान्यांची दुसरी बाजू आहे, आणि ती मला नाकारता येत नाही. हौशी रेसमधली कितीतरी काटामारी याच उघड्या आकड्यांमुळे पकडली गेलीय. पंच नसतात, पैसे नसतात, तिथं बाकीचे रेसरच पंच होतात. कुणीतरी रात्री अकरा वाजता बसून आलेख ताडून बघतो, म्हणून दुसरा खोटं टाकायला धजत नाही. उद्या सगळे आकडे झाकले, तर ही राखण संपेल. मला हे पटतं. पण त्याच राखणीत मी काकांना पकडलं होतं. गावानं राखण करायची म्हटली, की कधीतरी निरपराध माणूसही चावडीवर उभा राहतोच.

[थोडं थांबून.]

आता वजनाच्या व्हिडिओबद्दल. वरच्या पातळीच्या रेसमध्ये रेसच्या आधी काट्यावर उभं राहून व्हिडिओ काढून पाठवावा लागतो. कमी कपड्यांत, चेहरा आणि काट्यावरचा आकडा दोन्ही दिसतील असा. मागच्या वर्षी एका संघाकडून खेळताना मीही तसा व्हिडिओ काढला. फोन आईनं धरला होता. तिनं विचारलं, "हे कोण बघणार?" मला उत्तर देता आलं नाही. फाइल कुठे राहते, किती दिवस राहते, संघ सोडल्यावर तिचं काय होतं, यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं, आणि पाठवण्याआधी विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

पुरुष रेसरनाही हे जड जातं, पण मुलींसाठी त्यात आणखी एक धोका आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये रेड-एस नावाच्या अवस्थेवर सविस्तर निवेदन काढलं आणि २०२३ मध्ये ते सुधारून पुन्हा काढलं. खेळाडू शरीराला लागतं त्यापेक्षा कमी खात राहिला, की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, मन खचतं. आता विचार करा, सतरा वर्षांच्या मुलीला दर आठवड्याला काट्यावर उभं करून व्हिडिओ मागायचा, आणि वर तिच्या दर किलोमागच्या वॉटची यादी लावायची. वॉट वाढवायला महिने लागतात. किलो कमी करायला चार उपाशी दिवस पुरतात. हे तिला कुणी सांगायची गरज नसते, यादीच सांगते.

आणि गंमत म्हणून नाही, पोटतिडकीनं सांगते, एवढी बारीक मोजणी करून साधतं काय? मधल्या किमतीच्या ट्रेनरची अचूकता उणे-अधिक २ टक्के असते. २५० वॉटवर म्हणजे ५ वॉट इकडे किंवा तिकडे. सत्तर किलोच्या माणसाचे २ टक्के म्हणजे १.४ किलो. ट्रेनर एवढा चुकत असताना आपण माणसाला काट्यावर उभं करून दशांशातलं वजन मागतो! सकाळचं आणि संध्याकाळचं वजनच किलोभरानं बदलतं. गल्लीतल्या गुरुवारच्या रेसला पूर्ण किलोत वजन पुरतं. शंका आलीच, तर आधी ट्रेनर तपासा. सायकलच्या पॉवर मीटरची, म्हणजे सायकलवरच बसवलेल्या ताकद मोजणाऱ्या उपकरणाची, नोंद वेगळ्या उपकरणावर घ्या आणि ट्रेनरच्या नोंदीशी ताडून बघा. त्यात कुणाच्या अंगावरचे कपडे उतरत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात आरोग्याची माहिती विशेष संरक्षणाची मानली जाते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. त्यातल्या तीन गोष्टी रेसवाल्यांच्या कामाच्या आहेत. कामापुरतीच माहिती मागायची. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची. आणि तिसरी, जी फार कमी जणांना माहीत असते: जी माहिती तुम्ही स्वतःहून जगासमोर टाकलीत, तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणून वजनाचा व्हिडिओ यूट्यूबवर सगळ्यांना दिसेल असा टाकायला कुणी सांगितलं, तर टाकू नका. अनलिस्टेडही नको, लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला तो दिसतो. थेट तपासणाऱ्याकडे द्या.

मग करायचं काय? मला वाट दिसली ती किराणा दुकानात. दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो. आपण काटा उघडून आतल्या स्प्रिंगा बघत नाही, शिक्का बघतो. तपासायचा अधिकार असलेल्या माणसानं तो तपासलाय, एवढं आपल्याला पुरतं. रेसमध्येही तेच व्हावं. तपासणाऱ्यांना वजन, उंची, हार्ट रेट, सगळं दिसू दे. बाकीच्यांना नाव, वेळ, गट आणि "पडताळलं" असा शिक्का.

निम्मं काम तर खेळाच्या रचनेतूनच सुटतं. झ्विफ्टवर पूर्वी गट दर किलोमागच्या वॉटवर पडायचे, ४.० च्या वर ए, ३.२ च्या वर बी, २.५ च्या वर सी, असे. त्यामुळे लोक खालच्या गटात राहण्यासाठी मुद्दाम ३.१९ वर रेंगाळायचे. २०२४ पासून तिथे रेसिंग स्कोअर आहे, ज्यात तुम्ही कुणाला हरवता आणि कुणाकडून हरता याला महत्त्व आहे. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. खोटं वजन टाकून जिंकत राहिलात, तर तुम्ही आपोआप वरच्या गटात जाता आणि तिथे मार खाता. गट ठरवायला तुमचं शरीर सगळ्यांना दाखवावं लागत नाही.

यंदाच्या पावसाळी मालिकेसाठी आमच्या ग्रुपनं मला नियम लिहायला सांगितलं. ते असे आहेत. वजन पूर्ण किलोत, मालिकेच्या सुरुवातीला एकदा. ते बघणारे दोघंच, त्यातली एक बाई, आणि दोघंही त्या मालिकेत रेस करणार नाहीत. निकालात वॉटचा एकही रकाना नाही. शंका असेल तर ती ग्रुपवर लिहायची नाही, त्या दोघांना कळवायची. ते संबंधित माणसाशी खासगीत बोलतील, आणि औषधाचं कारण असेल तर डॉक्टरांची एक ओळ पुरेल, गोळीचं नाव लागणार नाही. निकाल पक्का झाल्यावर तक्रारीसाठी सात दिवस, आणि आठव्या दिवशी सगळ्या फाइली पुसायच्या.

एका कलमावर अजून वाद चालू आहे. काही जण म्हणतात, पहिल्या तिघांचे आकडे तरी जाहीर करा, नाहीतर लोकांचा विश्वास बसणार नाही. दोघं तपासणारे आपलेच मित्र, त्यांनी डोळेझाक केली तर? हा प्रश्न रास्त आहे. मी सुचवलंय की पहिल्या तिघांच्या फाइली एका तिसऱ्या माणसानं, दुसऱ्या शहरातल्या ग्रुपमधल्या, नावं झाकून बघाव्यात. नाशिकच्या एका ग्रुपनं तयारी दाखवलीय, त्यांच्या फाइली आम्ही बघू.

मसुदा काकांनीही वाचला. गोळीच्या कलमाखाली त्यांनी पेन्सिलनं एवढंच लिहिलं: "हे राहू दे." यंदा ते तपासणाऱ्या दोघांपैकी एक आहेत.

नियमांची पूर्ण प्रत खाली वर्णनात दिलीय. तुमच्या ग्रुपला उपयोगी पडली तर घ्या, बदला. तिसऱ्या तपासनीसाच्या कलमाला याहून बरा उपाय सुचला, तर मला कळवा. आमची पहिली रेस जूनच्या दुसऱ्या गुरुवारी आहे, तोवर मसुदा उघडा आहे.