दाभण, दोरा आणि चतुःसीमा

शिवाजीनगर, पुणे. जिल्हा न्यायालयाचं आवार. कोर्ट बसायचं अकराला, पण वकिलांच्या कारकुनांचा दिवस त्याआधीच सुरू होतो.

हातात दाभण धरलेली ही मुलगी पॅरालीगलच्या, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाच्या, पदविकेला आहे. शब्द परका, काम मात्र इथलंच आणि जुनं. समोरच्या कारकून काकांनी आयुष्यभर तेच केलंय. त्यांना कुणी पॅरालीगल म्हटलेलं नाही.

दावा शिवून होतोय. वादपत्र, दस्तऐवजांची यादी, वकीलपत्र, मनाईचा अर्ज. डावीकडे समास सोडलाय तो या टाक्यांसाठी. टाका आत गेला, तर ओळीचा पहिला शब्द शिवणीत जातो. कोर्टात प्रत्येक कागदाला क्रमांक, म्हणजे निशाणी, पडते. वादपत्राला निशाणी १, तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला बहुधा ५. म्हणून इथे कुणी ‘अंतरिम मनाई’ वगैरे म्हणत बसत नाही. ‘पाचवर काय झालं?’ एवढंच.

पक्षकार समन्स घेऊन आला, की काका आधी तारीख विचारतात. दावा दाखल झाल्याची नाही, समन्स हातात पडल्याची. तिथून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, द्यायची. कोर्टाने कारणं नोंदवून मुदत वाढवली, तर ९०. त्यानंतर साध्या दाव्यात विलंबमाफी मागून बघता येते, व्यापारी दाव्यात १२० दिवस उलटले की दार बंद. १९०८ची दिवाणी प्रक्रिया संहिता तिला तोंडपाठ आहे. पण पक्षकार म्हणतो, ‘आलं असेल मागच्या महिन्यात’, आणि समन्स बजावणाऱ्या बेलिफाच्या अहवालावर तारीख भलतीच असते. तो अहवाल काढून वाचायचा असतो, हे ती इथे शिकली.

आज घोळ झालाय चतुःसीमेत, म्हणजे जमिनीच्या चारही बाजूंना काय आहे त्या वर्णनात. खरेदीखत जुनं, हाताने लिहिलेलं. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट. गाडीवाटेचा आता डांबरी रस्ता झालाय; खतातले शब्द तसेच ठेवून आजची स्थिती शेजारी लिहायची, हे तिने नीट केलं. फक्त टाइप करताना पूर्व-पश्चिम उलटी झाली. संगणकाने लाल रेघ ओढली नाही. का ओढेल? शब्द तर शुद्धच होते.

हे असंच हुकूमनाम्यात उतरलं, तर दरखास्तीत, म्हणजे त्या हुकुमाच्या अंमलबजावणीत, बेलीफ ताबा द्यायला जाईल आणि प्रतिवादी बांधावरच त्याला अडवेल: ही ती जमीनच नव्हे. दाखल झाल्यावर लक्षात आलं, तरी दुरुस्तीचा अर्ज, समोरच्याचं म्हणणं, पुढच्या तारखा.

काका रागावले नाहीत. त्यांनी कात्री पुढे केली. शिवलेला दावा उसवायचा, सगळ्या प्रतींत पान बदलायचं. नव्या पानावर पक्षकाराची सही हवी, आणि तो नेमका चहाला गेलाय.

ती नवं पान मोठ्याने वाचतेय. काकांचं बोट खरेदीखतावर.

‘पूर्वेस ओढा.’

‘हं. पुढे.’