वाळू, मोऱ्या आणि ट्राउट : ओ सेबल नदीवरचे स्वयंसेवक

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर भागात ओ सेबल नदीच्या काठी ग्रेलिंग नावाचे एक छोटे शहर आहे. ज्या माशावरून या शहराला नाव मिळाले तो ग्रेलिंग मासा आज या नदीत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो इथून संपला आणि 1930च्या दशकापर्यंत साऱ्या मिशिगनमधून नाहीसा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथली पांढऱ्या पाइनची जंगले तोडली गेली, ओंडके काठावरून नदीत लोटले गेले आणि वसंतातल्या चढत्या पाण्यावर खाली वाहवत नेले गेले. ग्रेलिंगची वीणही त्याच दिवसांतली असल्यामुळे ओंडक्यांनी नदीच्या तळाची खडी खरवडली ती अंड्यांसकट. पुढे रेल्वे आली, शहरांतल्या बाजारपेठा जवळ झाल्या, आणि उरलेला मासा गळाला लागला.

आज ही नदी ब्राउन आणि ब्रूक ट्राउटसाठी नावाजलेली आहे, पण हे दोन्ही मासे इथे माणसाने आणलेले आहेत. ब्राउन ट्राउट तर मूळचा युरोपातला. जर्मनीहून आलेल्या अंड्यांपासून वाढवलेली पिल्ले 1884 मध्ये मिशिगनमधल्याच पेर मार्केट नदीच्या खोऱ्यात सोडण्यात आली. एका अर्थी पाहुण्या माशासाठी स्वयंसेवकांनी चालवलेल्या संरक्षणाची ही हकिकत आहे, ही अडचण मी आधीच सांगून ठेवतो; तिच्याकडे पुन्हा यावे लागेल. मला स्वतःला गळ टाकण्याचा नाद नाही. मी या विषयाकडे आलो तो पाण्यामुळे.

ट्राउटला लागते ते थंड, प्राणवायूने भरलेले पाणी. पाण्याचे तापमान 20 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की ब्रूक ट्राउटची ओढाताण सुरू होते, आणि 25 अंशांच्या आसपास ते फार वेळ राहिले तर तो तगत नाही. ओ सेबलचे भाग्य असे की हिमयुगाने मागे ठेवलेल्या वाळूच्या जाड थरांतून पावसाचे आणि बर्फाचे पाणी मुरते आणि झऱ्यांच्या रूपाने वर्षभर नदीत येत राहते. त्यामुळे ही नदी उन्हाळ्यात फार तापत नाही आणि तिला मोठे पूरही क्वचितच येतात. नदीला थंड ठेवणारी ही वाळू काठावरून सुटून तळावर पसरली की मात्र तीच नदीचा घात करते.

1959च्या जुलैमध्ये याच नदीकाठी, जॉर्ज ग्रिफिथ यांच्या घरी 16 जण जमले आणि ‘ट्राउट अनलिमिटेड’ या संस्थेची सुरुवात झाली. बदकांच्या पाणथळ जागांसाठी काम करणाऱ्या ‘डक्स अनलिमिटेड’सारखी संस्था ट्राउटसाठीही हवी, ही कल्पना उद्योगपती जॉर्ज मेसन यांची होती; ते 1954 मध्ये वारले आणि नदीच्या दक्षिण शाखेवरची आपली मोठी जमीन राज्याला देऊन गेले. आज या संस्थेच्या देशभर सुमारे 400 शाखा आहेत. मला महत्त्वाचा वाटतो तो त्या 16 जणांच्या तक्रारीचा रोख. सरकार पैदास केंद्रात वाढवलेले, पकडण्याजोगे मासे नदीत सोडत असे आणि हौशी मासेमार ते लगोलग पकडून नेत. बहुतेकांना हे सोयीचे होते. ही मंडळी म्हणाली की असे मासे सोडू नका, नदी अशी ठेवा की मासा तिथेच जन्मेल. स्वतः मासे पकडणाऱ्यांनी फुकटच्या माशाला विरोध करावा, ही साधी गोष्ट नव्हती. पुढे माँटाना राज्यात डिक व्हिन्सेंट या जीवशास्त्रज्ञाने मॅडिसन नदीवर मोजणी करून दाखवले की बाहेरून मासे सोडणे थांबवले की नदीतल्या जंगली ट्राउटची संख्या वाढते, आणि 1974 मध्ये त्या राज्याने जंगली ट्राउट असलेल्या नद्यांत मासे सोडणे बंद केले.

आता वाळूकडे वळू. ब्राउन आणि ब्रूक ट्राउटची मादी शरद ऋतूत तळाच्या खडीत शेपटीने खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून खडी लोटते. अंडी हिवाळाभर तिथेच राहतात आणि खडीच्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्यावर जगतात. फटी वाळूने बुजल्या की अंडी गुदमरतात. मिशिगनमधल्याच हंट क्रीक या ओढ्यावर गेलॉर्ड अलेक्झांडर आणि एडवर्ड हॅन्सन यांनी मुद्दाम वाळू टाकून हे तपासले. तळावरून सरकणारी वाळू नेहमीच्या चार-पाच पट झाली, तेव्हा ब्रूक ट्राउटची संख्या निम्म्याहूनही खाली आली. लक्षात घेण्यासारखे हे की जगलेल्या माशांची वाढ मंदावली नव्हती. घट झाली ती अंडी आणि लहान पिल्लांच्या अवस्थेत. म्हणजे गळाला लागलेला मासा धष्टपुष्ट आहे, एवढ्यावरून नदीची प्रकृती ठरवता येत नाही. याच्या उलट, दुसऱ्या एका ओढ्यात तळाशी खड्डा खणून वाहती वाळू अडवली आणि वेळोवेळी उपसली, तेव्हा खालच्या बाजूला लहान ट्राउटची संख्या सुमारे 40 टक्क्यांनी वाढली.

असे खड्डे उपयोगी असले तरी वाळू येते कुठून हा प्रश्न उरतोच. बरीचशी वाळू जुन्या जंगलतोडीचा वारसा आहे, पण आजही ती कच्चा रस्ता जिथे ओढा ओलांडतो तिथून उतरते. या ठिकाणच्या मोरीचा नळ अरुंद असेल, तर पाणी जोराने बाहेर पडून पुढचा तळ उकरते, नळाचे तोंड हळूहळू अधांतरी होते आणि उन्हाळ्यात थंड झऱ्याकडे वर जाऊ पाहणारा मासा त्याखालीच अडतो. म्हणून अशा संस्थांच्या स्वयंसेवकांच्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग, माझ्या मते, मोऱ्यांची पाहणी हाच आहे. नळाची रुंदी आणि ओढ्याची रुंदी मोजायची, पाणी किती उंचीवरून पडते ते नोंदवायचे, आणि ती यादी रस्ते खात्यापुढे ठेवायची, म्हणजे पुढच्या दुरुस्तीत तिथे ओढ्याच्या पूर्ण रुंदीचा पूल घालता येईल. तापमानाचेही असेच आहे. वसंतात छोटी नोंदयंत्रे पाण्यात बांधायची आणि शरदात काढायची, या कामात बघण्यासारखे काही नसते. काठावर झाडे लावताना किंवा अख्खे झाड नदीत आडवे बसवून माशांना आडोसा करताना छायाचित्रे छान येतात. तेही काम हवेच, पण ते कुठे करायचे हे ठरते ते त्या कंटाळवाण्या आकड्यांवरून.

आणि काही काम तर नदीपासून दूर, सुनावणीच्या खोलीत होते. मेन राज्यात केनेबेक नदीवर 1837 पासून उभे असलेले एडवर्ड्स धरण 1999 मध्ये पाडले गेले. त्याआधी ट्राउट अनलिमिटेडची स्थानिक शाखा आणि इतर संस्था यांनी एकत्र येऊन धरणाच्या वीजनिर्मितीच्या परवान्याच्या नूतनीकरणाला वर्षानुवर्षे हरकती घेतल्या होत्या. 1997 मध्ये परवाना नाकारला गेला, आणि मालकाची इच्छा नसताना धरण काढण्याचा, असे परवाने देणाऱ्या केंद्रीय ऊर्जा आयोगाचा तो पहिला आदेश ठरला.

स्वयंसेवक स्वतःही नदीला अपाय करू शकतो. न्यूझीलंडची चिखलगोगलगाय 2015 मध्ये पेर मार्केटमध्ये आणि पुढच्याच वर्षी ओ सेबलमध्ये सापडली. ती बूट आणि जाळ्यांना चिकटून एका नदीतून दुसऱ्या नदीत जाते. म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर बूट घासून, धुऊन पूर्ण वाळवणे हा कामाचाच भाग मानला जातो. तसेच शरदात अंड्यांच्या खळग्यांवर पाय पडू नये म्हणून त्या जागा आधी ओळखाव्या लागतात.

महाराष्ट्रात ट्राउट नाही, पण ओढ्यात श्रमदान करण्याची आपल्याला उत्तम सवय आहे. गेल्या काही वर्षांत यंत्रे लावून ओढे खोल आणि सरळ करण्याचा जो उत्साह दिसला, त्याकडे मी या अभ्यासानंतर संशयाने पाहू लागलो आहे. डोह, खडीचे उथळ पट्टे आणि वळणे काढून टाकलेला ओढा पाणी साठवेलही, पण त्यात मासा वीण कुठे करणार, हा प्रश्न आराखड्यात कुठेच नसतो.

आता त्या पाहुण्याच्या अडचणीकडे. ओ सेबलमध्ये मूळचा ग्रेलिंग उरला नसल्याने ती फारशी जाणवत नाही. काश्मीर आणि हिमाचलमध्ये मात्र ब्रिटिशांच्या काळात ब्राउन ट्राउट आणला गेला तेव्हा तिथे असेला, म्हणजे हिम-ट्राउट, आधीपासून होता आणि अजून आहे. तिथल्या खोऱ्यात कुणी स्वयंसेवी गट उभा राहिला तर काठावरची झाडे, मोऱ्या, वाळू आणि तापमान यांचे काम दोन्ही माशांच्या उपयोगाचे ठरेल. पैदास केंद्रातला ब्राउन ट्राउट आणून सोडण्याचे काम मात्र त्या गटाने हाती घेऊ नये, अगदी स्थानिक मासेमारांनी आणि पर्यटन व्यावसायिकांनी मागणी केली तरीही.