नॉब फिरवला, पण शेगडी पेटेना

श्रोतेहो, नमस्कार. नॉब दाबून फिरवला की आपोआप पेटणारी गॅसची शेगडी आता पुष्कळ घरांत आली आहे. ती पेटेनाशी झाली की लायटर बाहेर निघतो, नाहीतर मेकॅनिकला फोन जातो. मेकॅनिक म्हणतो, "मॉड्यूल (ठिणगीसाठी विजेचा दाब तयार करणारा भाग) गेलंय, बदलावं लागेल." कधीकधी ते खरंही असतं. पण बिघाड कुठे आहे हे बऱ्याचदा घरच्या माणसालाच शोधता येतं, आणि शोधावं, असं मला मनापासून वाटतं.

त्याआधी एक गोष्ट. गॅसचा वास येत असेल तर यातलं काहीही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो ओट्याखाली, जमिनीलगत साचतो आणि लवकर हटत नाही.

वास नसेल, तर आता शेगडीकडे वळू. काही शेगड्यांत नॉब फिरवताना एकदाच मोठ्ठा 'खट्ट' आवाज होतो. त्यांना सेल लागत नाही. आतल्या स्फटिकावर हातोडीसारखा ठोका बसून ठिणगी पडते. ओट्यात बसवलेल्या हॉबमध्ये मात्र 'टक टक टक' अशी माळ लागते. तिथे दीड व्होल्टचा सेल असतो, काही हॉबना विजेची पिन असते. नॉबमागचा छोटा स्विच दाबला जातो, मॉड्यूल हजारो व्होल्टचा दाब तयार करतं, आणि बर्नरशेजारच्या पांढऱ्या चिनी मातीच्या कांडीच्या टोकावरून ठिणगी बर्नरवर उडी मारते. एक नॉब दाबला तरी बहुतेक हॉबमध्ये सगळ्याच बर्नरवर ठिणग्या पडतात. तो बिघाड नव्हे, आणि तपास करताना हीच गोष्ट फार उपयोगी पडते.

रेग्युलेटर बंद करा. नळीत उरलेला गॅस जळून जाऊ द्या. मग स्वयंपाकघरातला दिवा मालवून एकेक नॉब दाबा आणि बघत राहा.

कुठेच ठिणगी नाही? मग आधी सेल. हॉबमध्ये तो खालच्या बाजूला, ओट्याखालच्या कपाटातून हात घालून सापडेल अशा डबीत असतो, आणि तो तिथे आहे हेच अनेकांना माहीत नसतं. टकटक संथ झाली असेल तर सेल उतरलाय असं समजा. डबीच्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर तो खरवडून काढा. नवा सेल घालूनही सगळं गप्प असेल, तेव्हाच मॉड्यूलवर संशय घ्या.

एका नॉबने ठिणगी पडत नाही, पण दुसरा दाबला की त्याच बर्नरवर पडते? मग कांडी ठीक आहे, त्या नॉबचा स्विच बिघडलाय. उलट, कुठलाही नॉब दाबा, एकच बर्नर कोरडा राहतो, तर त्या बर्नरची कांडी किंवा तिची वायर बघा. उतू गेलेलं दूध तिथे जळून बसतं आणि त्या काळ्या थरातून वीज भलतीकडे निसटते. शेगडी थंड असताना, हॉब विजेवरचा असेल तर पिन काढून, कांडी जुन्या टूथब्रशने साफ करा. चिनी मातीला बारीक तडा असेल तर अंधारात ठिणगी टोकाऐवजी तिथूनच उडताना दिसेल. तडा गेलेली कांडी बदलावीच लागते. बर्नरची टोपी वाकडी बसली असेल तरी अंतर वाढतं आणि ठिणगी चुकते, म्हणून ती आधी नीट बसवून बघा.

शेगडी धुतल्यावर नॉब सोडूनही टकटक थांबत नसेल, तर स्विचमध्ये पाणी गेलंय. कोकणात पावसाळ्यात हे नेहमीचं. सेल काढून ठेवा, नॉब उपसून पंख्याखाली वाळू द्या. ओट्यावर बादलीने पाणी ओतू नका. ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरतं.

ठिणगी जोरात आहे, ज्योत नाही, असं असेल तर इग्निशनला दोष देऊ नका. बर्नरची भोकं बुजली आहेत का ते पाहा. आणि ज्योत लागते पण नॉब सोडताच विझते, हे दुखणं तर वेगळंच. काही हॉबमध्ये बर्नरशेजारी आणखी एक धातूची सळई असते. ज्योतीने ती तापली की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर आतला व्हॉल्व्ह उघडा राहतो. वाऱ्याने ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद व्हावा, यासाठी ही सोय. सळई पुसा, नॉब काही सेकंद दाबून धरा. तरी जमलं नाही तर कंपनीच्या माणसाला बोलवा. हा व्हॉल्व्ह कायमचा उघडा ठेवून देतो, असं कुणी म्हणालं, तर कृपा करून त्याला शेगडीला हात लावू देऊ नका.